इन्शुलिन घेणाऱ्या माणसाची घरची शुश्रूषा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजाऱ्याच्या शुश्रूषेवर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी परिचारिका नाही की डॉक्टरीण नाही. पण गेली नऊ वर्षे माझ्या सासूबाईंना सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई मीच देते. त्यात एकदा माझ्या हातून मोठी चूक झाली. तशी चूक आणखी कोणाच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठी मी उभी राहिले आहे.

आधी आजार काय तो सांगते. आपल्या शरीरात काही ग्रंथी अशा आहेत की त्या आपला रस सरळ रक्तात सोडतात. गळ्यातली थायरॉइड, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी, पोटातले स्वादुपिंड ही त्यांतली काही. स्वादुपिंडाचा रस म्हणजे इन्शुलिन. आपण दोन भाकऱ्या खाल्ल्या तर ते जास्त सोडते, उपाशी राहिलो तर कमी. कोणी सांगावे लागत नाही. मधुमेहात हा रस कमी पडतो किंवा अंगी लागत नाही. इन्शुलिन पोटात गेले तर अन्नासारखे पचून जाते, म्हणून गोळीऐवजी ते सुईने द्यावे लागते.

हे औषध कॅनडातल्या टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ साली शोधून काढले, आणि जानेवारी १९२२ मध्ये ते एका चौदा वर्षांच्या मुलाला प्रथम दिले गेले. त्याआधी असल्या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस जगवणे, एवढाच उपाय डॉक्टरांच्या हाती होता. बँटिंगचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर, तोच जागतिक मधुमेह दिन.

पण बायांनो, ग्रंथीला जी समज आहे ती सुईला नाही. सुई एकदा टोचली की आजारी माणूस जेवो वा न जेवो, ती आपले काम करणारच. म्हणून ग्रंथीची समज घरच्या माणसाला ठेवावी लागते. हे मी शिकले ते आपल्या काठीच्या होळीच्या रात्री.

आपली राजवाडी होळी १२४६ सालापासूनची म्हणून सांगतात. ती पहाटे पेटते आणि रात्रभर ढोल चालतात, हे तुम्हांला मी काय सांगावे! त्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरले होते. सात वाजता नेमाप्रमाणे मी सासूबाईंना सुई दिली. अर्ध्या तासाने त्यांना ताट वाढायचे. त्या म्हणाल्या, "आधी पाहुण्यांचे होऊ दे, माझे मागून बघू." मीही कामाच्या घाईत होते. मागून बघायचे राहिले, आणि त्या शेजारणींबरोबर होळीच्या जागी गेल्या.

अकराच्या सुमारास मी तिथे पोहोचले, तो त्या माझ्यावरच ओरडू लागल्या. एरवी कधी शब्दाने न दुखवणारी बाई! हात थरथरत होते. फाल्गुनातल्या गार वाऱ्यात लुगडे घामाने भिजले होते. पाऊल नीट पडत नव्हते. भोवतालच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. "म्हातारीने मोहाची घेतली वाटतं," कोणी म्हणाले. मला इतकी शरम वाटली की त्यांना हाताला धरून मुकाट्याने घरी नेऊन निजवावे, असे मनात आले. तसे केले असते तर त्या सकाळी उठल्या असत्या की नाही, देव जाणे.

गर्दीत एक परिचारिका होती. तिने विचारले, "सुई घेतात का? जेवल्या का?" मी नाही म्हणताच तिने साखर मागितली. एका शेजारणीने माझा हात धरला. "अगं, शुगरच्या माणसाला साखर म्हणजे विष!" परिचारिकेने तिचे ऐकले नाही. चहावाल्याकडची तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून तिने त्यांना घोट घोट पाजली. पाव तासाने पुन्हा तितकीच दिली. मग सासूबाईंनी माझ्याकडे पाहून विचारले, "तू कधी आलीस?" त्यानंतर आम्ही त्यांना भाकरी आणि डाळ खाऊ घातली.

त्या रात्रीपासून मी जे शिकले ते क्रमाने सांगते.

सुई घेणाऱ्या माणसाला एकाएकी घाम, कापरे, धडधड, फार भूक, चिडचिड, बडबड किंवा गुंगी आली, तर साखर उतरली असे समजा. यंत्र असल्यास बोट टोचून पाहा. आकडा सत्तरच्या खाली म्हणजे साखर कमी. यंत्र नसेल तर वाट पाहू नका, साखरेचे पाणी द्या. साखर वाढलेली असली तरी तीन चमच्यांनी फारसे बिघडत नाही. उतरलेली असून दिली नाही तर जीव जाऊ शकतो. पेढा किंवा लाडू देऊ नका. तुपामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोहोचते. पाव तासात उतार पडला नाही तर पुन्हा द्या, आणि बरे वाटले की लगेच जेवण द्या. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात थेंबही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर निजवा आणि तडक दवाखान्यात न्या. तिथे शिरेतून ग्लुकोज देतात.

दारूनेही साखर उतरते, आणि दोन्हींची लक्षणे सारखी दिसतात. म्हणून झिंगलेल्या माणसाला हसण्याआधी, तो सुई घेतो का, एवढे विचारावे.

उपास, पालनी, नवस यांना मी नावे ठेवीत नाही. पण सुई चालू असताना ते करायचे तर आधी डॉक्टरांना विचारावे. ताप आला, जेवण जात नाही, म्हणून आपल्या मनाने सुई बंदही करू नये. तापात साखर उलट वाढते. किती द्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.

सुईचेही काही नेम आहेत. आमची बाटली चाळीस युनिटची, तिला लाल टोपणाची सुईच लागते. नारिंगी टोपणाची सुई शंभर युनिटच्या बाटलीसाठी असते. अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पट चुकते. जागा रोज थोडी बदलावी, नाहीतर तिथे गाठी येतात. दुधाळ औषध असल्यास बाटली हलवू नये, तळहातात फिरवावी. वापरलेल्या सुया पत्र्याच्या डब्यात जमवून आशाताईंकडे द्याव्या. उकिरड्यावर टाकल्या तर पोराबाळांच्या पायात शिरतात.

आपल्याकडे वीज जाते, आणि सर्वांकडे फ्रीज नाही. मी मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून तिच्यात लहान कोरडे मडके बसवते, आणि बाटली डबीत घालून त्यात ठेवते. वर ओले फडके. उघडलेली बाटली अशी महिनाभर टिकते. उघडल्याची तारीख मी तिच्यावर लिहून ठेवते. ती बर्फाला लागू देऊ नये. एकदा गोठलेले इन्शुलिन वाया गेलेच.

आणि पाय! जुन्या मधुमेहात पायाची जाणीव जाते. काटा रुतला तरी कळत नाही, गरम पाण्याने भाजले तरी कळत नाही. आपल्या डोंगरात अनवाणी चालायची सवय, म्हणून अधिक जपावे. रोज निजताना दिवा घेऊन मी सासूबाईंचे तळवे आणि बोटांमधली जागा पाहते. सुरुवातीला त्या पाय ओढून घेत. सुनेने पाय पाहायचे म्हणजे त्यांना संकोच वाटे.

इतर ग्रंथींचेही थोडक्यात सांगते. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, पाण्याबरोबरच घ्यावी आणि चहाला निदान अर्धा तास थांबावे. स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर एकाएकी बंद करू नयेत. तेवढ्यात शरीराची आपली ग्रंथी झोपी गेलेली असते. आणि गलगंड टाळायला घरात आयोडीनचे मीठच आणावे, ते झाकून ठेवावे.

आता आमच्या घरी नेम असा की सासूबाईंचे ताट समोर दिसल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही. यंदाच्या होळीलाही पाहुणे होते. कोणी म्हणाले, "सून आधी सासूला वाढते, पाहुण्यांना मागून!" तेव्हा सासूबाईच हसून म्हणाल्या, "पाहुणे थांबतात, सुई थांबत नाही." जेवून झाल्यावर पदराच्या गाठीला साखरेची पुडी बांधून त्या होळीला गेल्या, आणि पहाटेचा जाळ पाहून आपल्या पायांनी घरी आल्या.

तुमच्याही घरात असे कोणी असेल तर तशी पुडी आजच बांधून ठेवा, एवढीच विनंती करून मी माझे दोन शब्द संपवते.