नंबर म्हणजे ओळख, पासवर्ड नव्हे

कोल्हापुरात बिंदू चौकात 'ओ पाटील' अशी हाक मारा, चौघं तरी वळून बघतील. बँकेच्या डेटाबेसची अडचण हीच. नावं सारखी, जन्मतारीख गुरुजींनी लिहिलेली 1 जून, पत्ता बदलणारा. म्हणून पॅन, आधार. 2010 मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं. बारा अंकांतला शेवटचा अंक तर फक्त लिहिताना झालेली चूक पकडायला असतो.

पण नंबर फक्त 'कोण' ते सांगतो. 'तोच बोलतोय' हे सिद्ध करत नाही. माझ्या आजीला फोनवर कुणीतरी तिचाच आधार नंबर वाचून दाखवला. तिला वाटलं, बँकेचाच माणूस. ओटीपी सांगितला, पेन्शन गेली.

नंबर माहीत असणारा प्रत्येकजण बँकेचा नसतो. फसलात तर लगेच 1930 लावा. आणि हे आज घरी आजीला सांगाच.