चिकटवहीतले आपले पान

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त विजय नगर, जबलपूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात शाळेच्या निवृत्त कलाशिक्षिकेने केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून एखाद्या भारदस्त विषयावर बोलावे, असा संकेत आहे. मी मात्र आज चिकटवहीविषयी बोलणार आहे. तीस वर्षे या शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवताना माझ्या हाताखालून सर्वांत अधिक गेली ती हीच वस्तू. आणि शिक्षिका म्हणून माझ्या हातून घडलेली जी चूक मला आजही बोचते, तीही एका चिकटवहीतच लाल शाईने लिहिलेली आहे. तिच्यापासूनच आरंभ करते.

सातवीच्या वर्गाला मी ‘आपली नदी’ हा विषय दिला होता. बहुतेक मुलांनी स्टेशनरीच्या दुकानातून तयार चित्रांचे तक्ते आणले. त्यांतला धुआँधार कापला, भेडाघाटचे संगमरवरी कडे कापले, भोवती चमकीच्या कागदाची किनार लावली आणि खाली तक्त्यावर छापलेल्याच ओळी सुवाच्य अक्षरात उतरवल्या. चाळीस वह्या चाळल्या तरी आपण एकच वही पुन्हा पुन्हा पाहत आहोत असे वाटावे, इतक्या त्या सारख्या होत्या. पण त्या स्वच्छ होत्या, म्हणून मी दहापैकी आठ-नऊ गुण देत गेले.

एका मुलीची वही मात्र निराळी निघाली. तिच्यात विकतचे एकही चित्र नव्हते. ग्वारीघाटावर घेतलेल्या फुटाण्यांच्या पुडीचा कागद होता, झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या होत्या, घाटाच्या पायऱ्यांचा पेन्सिलीने काढलेला आराखडा होता आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले होते, तिथे एक निळी रेघ होती. शेवटच्या पानावर जुन्या कॅलेंडरचा कागद पाठ वर करून चिकटवलेला होता. त्यावर तिच्या आजीने थरथरत्या हाताने यादी लिहिली होती. शीर्षक होते, ‘रथसप्तमी, इकडची नर्मदा जयंती’. खाली सामान : पाटावर सूर्य काढायला रक्तचंदन, दूध उतू घालवायला बोळके, गोवऱ्या, तीळगूळ, आणि मग, घाटावर न्यायला दिवा, वात, फुले, वाटीभर दूध.

कागद वेडावाकडा फाटलेला होता, खळीचे डाग पडले होते. मी दहापैकी चार गुण दिले आणि त्या यादीच्या समासात लाल शाईने लिहिले : ‘नीटनेटकेपणा हवा. चित्रे कमी.’

गेल्या वर्षी ती मुलगी, आता एका मुलीची आई, ती वही घेऊन मला भेटायला आली. आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. घर बदलताना पत्रे, हिशेबाच्या वह्या, सारे रद्दीत गेले होते. आजीच्या हस्ताक्षराचा तेवढा एकच कागद घरात उरला होता, आणि माझ्या शेऱ्यातील एक रेघ ‘नर्मदा’ या शब्दावरून गेली होती. मी ओशाळले. क्षमा मागू लागले, तर ती म्हणाली, “बाई, राहू द्या. आता तुमचं अक्षरही त्यातच आहे.”

तेव्हापासून मी त्या पानाचा विचार करीत आहे. माघ शुद्ध सप्तमीला महाराष्ट्रातल्या घरात रथसप्तमी असते आणि नर्मदेच्या काठावर नर्मदा जयंती असते. तिथी एकच. सकाळी अंगणात दूध उतू घालवायचे आणि संध्याकाळी घाटावर दिवा सोडायचा, हे दोन्ही ज्या घरात घडते ते घर पुण्यात नाही, केवळ हिंदी भाषक मोहल्ल्यातही नाही. ते आपले, जबलपूरच्या मराठी माणसाचे घर आहे. मी वर्गाला विचारले होते, ‘आपली नदी’. चाळीस मुलांनी नदी चिकटवली. त्या एकीने ‘आपली’ हा शब्द चिकटवला, आणि तोच मला दिसला नाही.

मुले मला नेहमी विचारीत, “बाई, पानावर काय लावू? काही सुचतच नाही.” न सुचण्याचे कारण बहुधा हे असते की आपण सुचण्यासाठी दुकानाकडे पाहतो. ही सवय आजची नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत छापलेली रंगीत चित्रे युरोपभर विकली जात आणि तिकडच्या बायकामुले ती वह्यांत चिकटवीत. पुढे अमेरिकेतला विनोदी लेखक मार्क ट्वेन याने चिकटवण्याचाही त्रास वाचवला. पानांना आधीच डिंक लावलेल्या, नुसते ओले केले की कागद चिकटेल अशा चिकटवहीचे पेटंट त्याने १८७३ मध्ये घेतले. हाच ट्वेन पुढे हिंदुस्थानात आला आणि १८९७ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने ठगांवर विस्ताराने लिहिले. त्या ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन साहेबाची कर्मभूमी आपले जबलपूरच. असो. डिंक लावण्याची सोय ट्वेनने केली. काय चिकटवावे, ही अडचण मात्र ज्याची त्यालाच सोडवावी लागते.

आपल्या परंपरेत तिचे उत्तर फार पूर्वीपासून आहे. समर्थ संप्रदायातील रामदासी, कीर्तनकार, हरिदास आपल्याजवळ ‘बाड’ बाळगीत. बाड म्हणजे हाताने लिहिलेली, आडव्या बाजूने शिवलेली लांबट वही. जिथे जे ऐकले, आवडले, उपयोगी वाटले, ते तीत उतरवून घ्यायचे : कुठे अभंग, कुठे पद, कुठे भूपाळी, कुठे आरती. अशी कितीतरी बाडे शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव फिरून मिळवली आणि ती धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जतन झाली. बाडातले अभंग लिहिणाऱ्याने स्वतः रचलेले नसत. तरीही एक बाड दुसऱ्यासारखे नसे, कारण निवड त्याची असे. कशानंतर काय उतरवले, काय वगळले, यांत तो माणूस उमटत असे. मुलांनो, तुमची चिकटवही ही त्या बाडाचीच धाकटी बहीण आहे.

म्हणून प्रेरणेसाठी माझा पहिला सल्ला साधा आहे : आठ दिवस काहीही चिकटवू नका. एक लिफाफा घ्या आणि दिवसभरात हाती आलेला, टाकून द्यावासा न वाटलेला एक कागद संध्याकाळी त्यात ठेवा. वाण्याच्या पुडीचा कागद, लग्नपत्रिकेचा कोपरा, बिडीच्या कट्ट्यावरचे जुने लेबल, आजोबांनी जपलेले गोंदियाच्या छोट्या गाडीचे पुठ्ठ्याचे तिकीट. आठव्या दिवशी सारे जमिनीवर मांडा. आपल्याला काय आवडते, हे आपल्यापेक्षा त्या कागदांना अधिक ठाऊक असते. कोणाच्या लिफाफ्यात अक्षरेच अक्षरे निघतात, कोणाच्या पाने आणि पिसे, कोणाच्या सगळी प्रवासाची तिकिटे. तिथे तुमचा विषय तुम्हाला सापडतो.

आता शैलीविषयी. या शब्दाचे मुलांना उगीच भय वाटते. इथे विजय नगरात, कचनार सिटीतली ७६ फुटांची शिवमूर्ती आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचे तयार चित्र प्रत्येकाच्या वहीत सारखेच दिसेल. पण मी एकदा मुलांना सांगितले, चित्र आणायचे नाही. तिथे तुम्ही काय पाहिले ते आणा. एकाने मूर्तीच्या तुलनेत माणूस केवढा दिसतो ते दाखवण्यासाठी पानभर राखाडी कागद लावून तळाशी तिळाएवढा ठिपका काढला. एकीने नुसत्या चपलांच्या रांगा रेखाटल्या. एकाने फुगेवाल्याकडचा फुटका फुगा आणून लावला. कोणीही शैलीचा विचार केला नव्हता. आपण काय पाहतो ते प्रामाणिकपणे धरून ठेवले आणि तेच पुन्हा पुन्हा करीत गेलो, की लोक त्याला आपली शैली म्हणू लागतात.

सजावट किती असावी, याचा धडा घ्यायला दूर जायला नको. आपल्या गावचे चित्रकार ब्योहार राममनोहर सिन्हा हे शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे शिष्य. गोलबाजारातल्या शहीद स्मारकातली स्वातंत्र्यलढ्याची भित्तिचित्रे त्यांची आहेत. भारताच्या संविधानाच्या हस्तलिखित प्रतीतील उद्देशिकेचे पानही त्यांनीच सजवले. ते पान कधी निरखून पाहा. सारी नक्षी कडेला आहे. मधली जागा शब्दांसाठी मोकळी सोडली आहे. आणि चित्रकाराची स्वाक्षरी कोपऱ्यात ‘राम’ एवढीच. कोणत्या पानावर आपण किती मागे उभे राहायचे, हे कळणे हाही शैलीचाच भाग. तुमच्या पानावर आजीचे पत्र असेल, तर चमकी त्या पत्राहून मोठी होता कामा नये.

थोडे हातकामाविषयीही सांगते, कारण त्यावाचून सारे व्यर्थ आहे. वर्तमानपत्राचा कागद लवकर पिवळा पडून तुकडे होतो. महत्त्वाच्या कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती लावा आणि मूळ कात्रण लिफाफ्यात ठेवा. पारदर्शक चिकटपट्टी पत्रावर किंवा फोटोवर कधीही लावू नका. काही वर्षांत ती तपकिरी होते आणि अक्षर घेऊन निघते. मैद्याची खळ, जिला आपण इथे लेई म्हणतो, ती पातळ आणि फक्त कडांना लावा. बाइंडर लोक किडीसाठी तीत मोरचूद घालतात. पण ते विषारी असते, मुलांनी त्याला हात लावू नये. वही फुगून फाटू नये म्हणून दर दुसरे पान शिवणीपाशी बोटभर पट्टी ठेवून कापून टाका. फोटोमागे पेनाने लिहू नका, मऊ पेन्सिलीने लिहा. आणि जे पुन्हा मिळणार नाही, ते चिकटवूच नका. त्याच्यासाठी पानावर कागदाचा खिसा करा. आजीची ती यादी खिशात असती, तर माझा शेरा पानावर पडला असता, तिच्या अक्षरावर नाही.

या सर्वांहून महत्त्वाची असते ती खालची ओळ. वस्तू कोणाची, कुठून आली, कोणत्या दिवशी, कोणी दिली. ही ओळ स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या भाषेत लिहा. मी पूर्वी अशा ओळींतली भाषा सुधारीत असे. ‘आई बाजारातून भाजी घेऊन आली आणि टेम्पो पलटला’ या वाक्यातला ‘पलटला’ खोडून मी ‘उलटला’ करीत असे. निबंधात ते योग्यच होते. चिकटवहीत ते करायला नको होते. साठ वर्षांनी त्या घरात कोणती मराठी बोलली जात होती, हे जर कोणाला जाणून घ्यायचे असेल, तर तो ‘पलटला’ हाच पुरावा आहे.

हा पुरावा जपण्याची निकड आपल्याला इतरांहून अधिक आहे. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारे लोहमार्ग इथे जबलपुरात एकत्र आले, आणि त्या रुळांवरून नोकरीसाठी अनेक मराठी कुटुंबे आली. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. राज्यपुनर्रचनेनंतर ते दोन राज्यांत गेले. इतिहासाच्या पुस्तकात या तीन ओळी आहेत. त्या ओळींच्या मागे जी माणसे आली, राहिली, ज्यांनी इथल्या नदीला आपल्या सप्तमीत सामावून घेतले, त्यांची नोंद पुस्तकात नाही. ती ट्रंकांत आहे, माळ्यांवर आहे, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत किलोच्या भावाने रद्दीवाल्याकडे जात आहे. आपली नातवंडे मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. ज्या दिवशी त्यांना आजीचे अक्षर लागणार नाही, त्या दिवशी ते पत्र त्यांच्यासाठीही रद्दीच होईल. मुलाला आजीशेजारी बसवून ‘हे काय लिहिलं आहेस?’ असे विचारायला लावणारी कोणतीही वस्तू मला आज पाठ्यपुस्तकाइतकीच मोलाची वाटते.

म्हणून या महोत्सवानिमित्त माझी एक विनंती आहे. बाहेर पडताना दारापाशी प्रत्येकाला एक जाड कोरा कागद मिळेल. घरी जा, घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा आणि एक पान तयार करा. त्यावर विकतचे काही नको. एक वस्तू, आणि तिच्याखाली एक खरी ओळ. मुख्याध्यापकांनी ती पाने एकत्र बांधून शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्याचे मान्य केले आहे. या पानांना गुण दिले जाणार नाहीत, आणि लाल शाई ग्रंथालयाच्या दाराबाहेर राहील, याची हमी मी स्वतः देते.

माझे पान मी आणले आहे. त्यावर मी माझी जुनी लाल शाईची दौत लावणार होते. पण ती चिकटेना. म्हणून तिचे लेबल सोडवून लावले आहे, आणि खाली लिहिले आहे : ‘या दौतीने मी एका मुलीला चार गुण दिले. ते दहा हवे होते.’