एनसीसीत जायचंय?



घरात आठवी-नववीतलं मूल आहे?
मग शाळेत एनसीसी आहे का, विचारा.

राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपली एनसीसी,
1948 च्या कायद्याने सुरू झाली.
मुलं-मुली कवायत करतात.
नकाशा वाचायला शिकतात.
रायफलही हाताळतात.
रक्तदान, वृक्षारोपण, पूरग्रस्तांना मदत, हेही त्यातच आलं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते राष्ट्रीय एकात्मता शिबिर.
निरनिराळ्या राज्यांतली मुलं तिथे एकत्र राहतात, एकत्र जेवतात.
भाषा वेगळी, तरी दोस्ती होते!

पालक हमखास विचारतात,
पुढे सैन्यात जावंच लागतं का?
नाही.
कायद्यातच तसं बंधन नाही.
पुन्हा सांगते,
सैन्यात जाण्याचं बंधन नाही.
जायचंच असेल, तर कॉलेजात मिळणाऱ्या ‘सी’ प्रमाणपत्राचा उपयोग होतो.

एनसीसीचं काम शाळेतलेच एक शिक्षक बघतात.
नावनोंदणीसाठी त्यांना भेटा.