नाव विचारले, हक्क विचारला नाही

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



मागे एकदा एक विद्यार्थी मोबाईल हातात घेऊन घाबऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे आला. शिष्यवृत्तीचा अर्ज त्याने ऑनलाइन भरला होता. भरलेला अर्ज पाहत असताना पानाच्या वरच्या पत्त्यात शेवटी त्याच्या अर्जाचा क्रमांक दिसत होता. सहज म्हणून त्याने शेवटचा आकडा बदलला, आणि समोर कोणा अनोळखी मुलीचा अर्ज उघडला. तिच्या वडिलांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाचे पान, घरचा पत्ता, सारे काही. मुलगा म्हणाला, "सर, मी कुलूप तोडले नाही. दार उघडेच होते. मग मी चोर झालो का?"

या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. दार उघडे कोणी ठेवले, आणि उघड्या दारातून आत जावे काय? आज या दोहोंविषयी बोलावयाचे आहे.

आपण बँकेत जातो. दारावरचा पहारेकरी आपल्याला ओळखतो, आत सोडतो. पण म्हणून कोणी आपल्याला शेजाऱ्याचा लॉकर उघडून देत नाही. ओळख पटणे वेगळे आणि हक्क असणे वेगळे. संगणकालाही हेच दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, तू कोण? दुसरा, तू मागतोस ती वस्तू पाहण्याचा वा बदलण्याचा तुला अधिकार आहे काय? पासवर्ड आणि ओटीपी हे फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात. दुसरा प्रश्न विचारण्याचे काम कार्यक्रम लिहिणाऱ्याचे आहे, आणि नेमके तेच अनेकदा राहून जाते.

ही चूक दोन प्रकारची असते. एका विद्यार्थ्याला दुसऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज दिसणे ही आडवी घुसखोरी. विद्यार्थ्याने मुख्याध्यापकाचे अधिकार मिळवून गुणच बदलणे ही उभी चढाई. ही दुसरी कशी घडते? पुष्कळदा 'गुण बदला' हे बटण विद्यार्थ्याच्या पडद्यावरून नुसते लपवलेले असते. बटण लपले तरी त्यामागचा रस्ता खुलाच राहतो. ज्याला रस्त्याचा पत्ता ठाऊक आहे, तो बटणावाचून थेट तेथे पोहोचतो.

हे लहानसहान ठिकाणीच घडते असे समजू नका. अमेरिकेत फर्स्ट अमेरिकन ही घरखरेदीच्या व्यवहारांचा विमा उतरवणारी मोठी कंपनी आहे. २०१९ च्या मे महिन्यात उघडकीस आले की, तिच्या संकेतस्थळावर पत्त्यातील क्रमांक बदलला की दुसऱ्याचे कागद दिसत. पासवर्डही लागत नसे. सुमारे ८८.५ कोटी नोंदी अशा उघड्या होत्या, २००३ पासूनच्या. त्यांत बँक खात्यांचे क्रमांक होते, कर्जाचे आणि कराचे कागद होते. पुढे २०२३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय नियंत्रकांनी या प्रकरणी कंपनीकडून १० लाख डॉलर दंड वसूल केला.

संगणकतज्ज्ञांची ठिकाणेही सुटली नाहीत. गिटहब या ठिकाणी जगभरचे प्रोग्रामर आपले काम ठेवतात. २०१२ च्या मार्चमध्ये एगोर होमाकोव या रशियन तरुणाने तेथील एका फॉर्ममध्ये, मागितलेली नसताना, एक जादा नोंद पाठवली. गिटहबने ती निमूट स्वीकारली, आणि त्याची चावी दुसऱ्याच्या खात्याला जोडली गेली. फॉर्ममध्ये काय यावे हे ठरलेले होते. काय येऊ नये हे तपासलेच जात नव्हते.

वेब सुरक्षेवर काम करणारी ओवास्प ही संस्था गंभीर धोक्यांची यादी काढते. २०१७ च्या यादीत अधिकार-तपासणीतील दोष पाचवा होता. २०२१ मध्ये तो पहिला झाला.

विशेष हे की उपाय जुनाच आहे. १९७५ साली सॉल्टझर आणि श्रोडर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तो लिहून ठेवला. प्रत्येक वस्तूसाठी, प्रत्येक वेळी अधिकार तपासा. ज्याला जेवढे काम, तेवढाच अधिकार द्या. आणि परवानगी स्पष्ट दिलेली नसेल तर उत्तर 'नाही' असेच असू द्या. संगणकाच्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींनो, उद्या तुम्ही शाळेचे, दवाखान्याचे, पतपेढीचे कार्यक्रम लिहाल. ही तपासणी ग्राहकाच्या मोबाईलवर सोपवू नका. तेथले सारे त्याच्या हातात असते. ती सर्व्हरवरच झाली पाहिजे. अर्जाचे क्रमांक लांबलचक आणि अगम्य केले तर अंदाज करणे कठीण होते, एवढेच. ती काही तपासणी नव्हे.

पालकांनो, मुलांचे कागद आपण विश्वासाने देतो. ज्या संस्थेचा फॉर्म भरता तिला विचारा की हे कागद कोण पाहू शकते. मागितले नाहीत ते कागद जोडू नका. आणि आपल्या संस्थेलाही हाच प्रश्न विचारा. तो विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. २०१० मध्ये अमेरिकेत काही तरुणांनी असेच क्रमांक बदलत सुमारे १ लाख १४ हजार आयपॅडधारकांचे ईमेल पत्ते गोळा केले आणि ते एका वृत्तस्थळाला दिले. त्यांपैकी एकाला २०१३ मध्ये ४१ महिन्यांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात ती रद्द झाली, पण खटला चुकीच्या राज्यात चालला या कारणावरून. तोवर वर्षभर तुरुंगात गेलेच होते. आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आहे. परवानगीवाचून आणि अप्रामाणिक हेतूने असे केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

याउलट दुसरे उदाहरण पाहा. तमिळनाडूच्या लक्ष्मण मुथय्या या तरुणाला २०१५ मध्ये फेसबुकवर कोणाचाही फोटोंचा अल्बम पुसता येईल असा दोष सापडला. त्याने तो कंपनीला कळवला. सुमारे दोन तासांत दोष दुरुस्त झाला आणि त्याला १२,५०० डॉलर बक्षीस मिळाले. फेसबुकने असे दोष शोधण्याची उघड परवानगी दिली होती, हे मात्र विसरू नका.

मी त्या मुलाला म्हणालो, "बाळ, पहिला आकडा चुकून बदलला असेल. दुसरा बदललास तर ती चूक राहणार नाही." आम्ही ते पान बंद केले. फोटो काढला नाही, मित्रांना पाठवले नाही. त्या कार्यालयाला पत्र लिहिले, त्यात मुलीचे नाव घातले नाही, फक्त काय घडले ते कळवले. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेकडेही असे कळवता येते. काही आठवड्यांनी त्याने स्वतःचाच अर्ज उघडून पाहिला, तेव्हा पत्त्यातला तो क्रमांक नाहीसा झाला होता. पत्राचे उत्तर मात्र आले नाही.

त्या मुलीला यातले काहीच कळले नाही. तिचे कागद आपल्या एका मुलाच्या हाती काही क्षण होते, आणि त्याने ते जसेच्या तसे ठेवले. मला त्या मुलाचा अभिमान वाटतो, तो एवढ्यासाठीच.