भय, आशा आणि काशीचा मतदार

(हीरक महोत्सवानिमित्त झालेले भाषण)



राजाने अमात्याची पारख कशी करावी, याचे विवेचन कौटिल्याने अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात केले आहे. गुप्तपणे लावावयाच्या या कसोट्यांना त्याने ‘उपधा’ म्हटले. धर्म, अर्थ, काम आणि भय अशा त्या चार. लोभ दाखवूनही जो ढळत नाही आणि भय दाखवूनही जो डगमगत नाही, तो विश्वासास पात्र. लोकशाहीत राजपद मतदाराकडे आले. पण कसोटीची दिशा मात्र पुष्कळदा उलटली. राजाने सेवकाला पारखावे, तर पदाचा इच्छुकच राजाला आशा दाखवतो आणि भयही घालतो. निवडणूक प्रचाराचे बहुतेक शास्त्र या दोन शब्दांत सामावलेले आहे.

हे शास्त्र पारखण्यासाठी काशीसारखे दुसरे क्षेत्र क्वचितच सापडेल. मराठी माणसाला ही नगरी परकी नाही. विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभे केले. तेथील ‘आज’ या हिंदी दैनिकाला बाबूराव विष्णु पराडकर हे मराठी संपादक लाभले. मराठी घरातील लग्नाचा शालूही बनारसचाच. मात्र तीर्थक्षेत्र म्हणून ओळखीच्या असलेल्या या नगरीचा मतदार तितकासा ओळखीचा नाही.

१९७१ मध्ये ‘गरिबी हटाओ’ ही आशेची घोषणा देशभर गाजली आणि वाराणसीने काँग्रेसचा उमेदवार लोकसभेत पाठवला. सहाच वर्षांनी चित्र पालटले. आणीबाणीतील अटका आणि सक्तीची नसबंदी यांची दहशत उत्तर प्रदेशात खेड्यापाड्यांत शिरली होती. १९७७ मध्ये त्या राज्यातील सर्व ८५ जागा काँग्रेसने गमावल्या. वाराणसीही त्यांत होती. हे भय कोणा वक्त्याने रचलेले नव्हते. लोकांनी ते सोसले होते, आणि मतपेटीने त्याला वाट करून दिली. भयाचा उच्चार प्रत्येक वेळी अनुचित नसतो, हे त्या निकालाने दाखवले.

पुढे १९९१ पासून सलग चार निवडणुकांत वाराणसीने भारतीय जनता पक्षाला कौल दिला. २००४ मध्ये ‘भारत उदय’चा गजर देशभर चालू असताना त्याच नगरीने काँग्रेसचा उमेदवार निवडला. जी आशा ‘पूर्ण झाली’ म्हणून सांगितली जाते, ती मतदार आपल्या घराच्या उंबरठ्यावर उभा राहून तपासतो. २००९ मध्ये मुरली मनोहर जोशी यांच्यासमोर तुरुंगातून निवडणूक लढवणारे मुख्तार अन्सारी उभे होते. त्या लढतीत भयाचा वाटा मोठा होता; जोशी १७,२११ मतांनी विजयी झाले. २०१४ मध्ये ‘अच्छे दिन’ची आशा घेऊन आलेले नरेंद्र मोदी ३,७१,७८४ मतांनी निवडून आले, तर २०१९ मध्ये ते मताधिक्य ४,७९,५०५ झाले. २०२४ च्या देशव्यापी प्रचारात दोन्ही बाजूंनी भयाचा आधार घेतला. राज्यघटना बदलली जाईल, असे एक बाजू सांगत होती. संपत्ती काढून घेऊन इतरांना वाटली जाईल, असे दुसरी. त्या वर्षी मोदी पुन्हा विजयी झाले, परंतु मताधिक्य १,५२,५१३ वर आले. पक्ष कोणताही असो, काशीचा कौल कोणाची वंशपरंपरागत मिरास नाही, एवढे या आकड्यांवरून निश्चित दिसते.

मग भयाकडे प्रचारक पुन्हा पुन्हा का वळतात? डॅनियल कानेमन आणि अमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले की, शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गमावल्याचे दुःख माणसाला अधिक जाणवते. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. आशेचा हिशेब मागता येतो. रस्ता झाला की नाही, रोजगार मिळाला की नाही, हे पाच वर्षांनी मोजता येते. भयाचा हिशेब कोण मागणार? सांगितलेले संकट आले, तर ‘इशारा दिला होता’ असे म्हणता येते. न आले, तर ‘आमच्यामुळेच टळले’ असे म्हणता येते. भय दाखवणारा दोन्ही प्रसंगी निर्दोष सुटतो.

भयाची किंमत मात्र कोणी तरी मोजतोच. बनारसच्या मदनपुऱ्यासारख्या वस्त्यांत शालू विणणारे हात बहुतांशी मुसलमान विणकरांचे, तर तो बाजारात नेणारे व्यापारी बहुतांशी हिंदू. एकाच्या घरचा माग थांबला, तर दुसऱ्याच्या पेढीवरचा व्यवहार थांबतो. सभा संपते, मंडप उतरतो, वक्ता पुढच्या गावी जातो. पण शेजाऱ्याविषयी पेरलेला संशय गल्लीतच राहतो. ताण्यावरचा भरवसा सुटला, तर बाणा कितीही रेशमी असला तरी वस्त्र उभे राहत नाही.

कायद्याने काही सीमा आखल्या आहेत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ नुसार लाच देणे, धर्म वा जातीच्या नावाने मत मागणे, समाजांत वैर पसरवणे हे भ्रष्ट आचार ठरतात. मत न दिल्यास दैवी कोप होईल असा धाक घालणेही त्यातच मोडते. तीर्थक्षेत्री तर हे कलम विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. आशेलाही काही शिस्त लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशानंतर निवडणूक आयोगाने जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घातली. आश्वासनामागील कारण आणि त्यासाठीच्या पैशाची सोय यांचा निर्देश असावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. पण कायदा शब्दांपर्यंत पोहोचतो. सूचक मौनापर्यंत, अर्धसत्यापर्यंत त्याचा हात क्वचितच जातो. तेथून पुढचे काम शाळेचे आणि घराचे.

१९८९ पासून अठराव्या वर्षी मताधिकार मिळतो. म्हणजे शालान्त परीक्षेनंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत विद्यार्थी राजपदावर बसतो. गणिताच्या तासाला ‘उत्तर कसे आले ते दाखव’ असे विचारणारे शिक्षक त्याला नकळत याच पदासाठी घडवीत असतात. भय समोर आले, तर त्याने विचारावे: पुरावा कोणता, उपाय कोणता, आणि बोट कोणाकडे दाखवले जात आहे? आशा समोर आली, तर विचारावे: खर्च किती, पैसा कोठून, आणि केव्हापर्यंत? जे भय उपाय सांगते आणि जी आशा मुदत सांगते, त्यांना अवश्य मान द्यावा. जे भय केवळ शेजारी दाखवते आणि जी आशा केवळ नेता दाखवते, त्यांना दारातच थांबवावे.

माजी विद्यार्थीहो आणि पालकहो, हे प्रश्न मुले पुस्तकात वाचतात, पण शिकतात ती जेवणाच्या वेळी घरात चाललेल्या बोलण्यातून. उपधा लावण्याचा अधिकार मूळचा राजाचा आहे. तो राजाकडे राहावा, इतकेच मागणे या शुभप्रसंगी शाळेच्या प्रत्येक कुटुंबाकडे आहे.