कचेरीच्या कामाचा हलका सोबती

सोनें घेतांना आपण तें कसोटीवर घासून घेतों, आंबा घेतांना देठापाशीं हुंगून पाहतों, साडी घेतांना तिचा पोत उजेडांत धरून पाहतों. परंतु पन्नास-साठ हजार रुपयांचा लॅपटॉप घेतांना मात्र दुकानांतील झळझळीत चित्रांवर आणि खोक्यावर छापलेल्या आंकड्यांवर आपण निमूटपणें विश्वास टाकतों. वास्तविक ही वस्तु चार-पांच वर्षें, रोज सात-आठ तास, आपल्या डोळ्यांसमोर व बोटांखालीं असावयाची असते. पुष्कळ घरांत तर कमावत्या माणसाची भाकरीच तिच्यावर अवलंबून असते. म्हणून ती कशी पारखावी, याविषयीं चार शब्द सांगण्याचें आज योजिलें आहे.

प्रथम कामाची मर्यादा ठरवूं. कचेरीचें रोजचें काम म्हणजे पत्रें व अहवाल लिहिणें, हिशेबाचे तक्ते भरणें, ई-मेल पाहणें, आलेलीं कागदपत्रें वाचून परत धाडणें, आणि आठवड्यांतून दोन-चार वेळां पडद्यावरून सभेस हजर राहणें. चित्रपटांची जुळणी किंवा मोठे खेळ यांचा विचार येथें नाहीं. ‘हलका’ म्हणजे दीड किलोच्या आंतला, आणि ‘मध्यम किंमतीचा’ म्हणजे साधारणतः ५० ते ७० हजार रुपयांचा, असा अर्थ मीं धरिला आहे.

हलकेपणाची ही चैन फार जुनी नाहीं. १९८१ सालीं ॲडम ऑसबोर्न या गृहस्थानें हातांतून नेण्याजोगा संगणक बाजारांत आणिला. या गृहस्थाचें बालपण तमिळ मुलुखांत गेलें, आणि २००३ सालीं त्याचा अंतहि कोडाईकनाल येथेंच झाला. त्याच्या त्या यंत्राचें वजन सुमारें ११ किलो होतें, पडदा अवघा पांच इंचांचा, आणि किंमत १७९५ डॉलर. शिवणयंत्राच्या पेटीसारखी ती पेटी उचलतांना खांदा उतरत असेल. तरीहि लोकांनीं ती आनंदानें घेतली. पुढें २००८ सालीं ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्स यांनीं टपालाच्या मोठ्या लिफाफ्यांतून ‘मॅकबुक एअर’ बाहेर काढून दाखविला, तेव्हां तें वजन १.३६ किलोवर आलें होतें. परंतु तो श्रीमंतांचा सोबती होता. मध्यम स्थितीच्या माणसाला तसा हलकेपणा सुखानें परवडूं लागला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं.

केवळ तत्त्वें सांगत बसण्यापेक्षां एक उदाहरण घेणें बरें. २०२० सालीं एसर कंपनीचा ‘स्विफ्ट ३’ हा १४ इंचांचा लॅपटॉप एएमडीच्या रायझेन ४००० मालिकेच्या प्रोसेसरसह निघाला. वजन सुमारें १.२ किलो, म्हणजे ऑसबोर्नच्या पेटीच्या नवव्या हिश्श्याएवढें. अमेरिकेंतील किंमत साडेसहाशे डॉलरांच्या आसपास. त्या काळीं या वर्गांतील तो हुशार विद्यार्थी समजला जात असे. आज तो जुना झाला आहे. परंतु हलक्या व मध्यम किंमतीच्या यंत्राचे गुण आणि दोष त्यांत इतके स्पष्ट दिसतात कीं, परीक्षेची रीत शिकावयास तो अजूनहि उत्तम आहे.

मास्तरकीच्या संवयीप्रमाणें मी या परीक्षेचे सहा विषय व १०० गुण ठरवितों. कळफलकाला २०, पडद्याला २०, काम करण्याच्या शक्तीला २०, बॅटरीला १५, वजन व बांधणी यांना १५, आणि दुरुस्तीच्या सोयीला १०. यांत एक नियम मात्र कडक पाळावयाचा. शाळेच्या परीक्षेप्रमाणें येथेंहि प्रत्येक विषयांत निदान ३५ टक्के मिळालेच पाहिजेत. गणितांत पैकीच्या पैकी गुण मिळाले म्हणून भाषेंत नापास झालेल्या मुलाला आपण वर चढवीत नाहीं. तसेंच वेगवान प्रोसेसर आहे म्हणून अंधुक पडदा क्षम्य ठरत नाहीं. जाहिराती या नियमाच्या अगदीं उलट चालतात. त्या एका विषयांतील गुण मोठ्या अक्षरांत छापतात, आणि बाकीचा निकाल झांकून ठेवितात.

पहिला विषय कळफलक. दुकानांत उभें राहून दोन बोटांनीं चार कळा दाबणें ही परीक्षा नव्हे. खुर्ची मागून घ्यावी, बसावें, आणि एक अख्खें पत्र टंकलिखित करावें. कळ दाबली गेल्याचें बोटाला कळतें काय, मधला भाग दाबाखालीं वांकतो काय, मनगट कडेला रुततें काय, हें दहा मिनिटांत समजतें. ‘स्विफ्ट ३’ चा कळफलक बरा. कळांमागें उजेडाची सोयहि आहे. परंतु पान वरखालीं करण्याच्या कळा बाणांच्या कळांना चिकटून दाटीवाटीनें बसविल्या आहेत, आणि यंत्र चालू-बंद करण्याची कळहि इतर कळांच्याच रांगेंत कोपऱ्याला आहे. आंकड्यांचा वेगळा कळसंच १४ इंचांच्या यंत्रांत बहुधा नसतोच. ज्यांना दिवसभर हिशेब भरावयाचे त्यांनीं तो वेगळा घेऊन जोडावा, त्याला फार पैसे पडत नाहींत.

मराठी लिहिणारानें येथें आणखी एक गोष्ट पाहावी. भारतीय मानकानें १९९१ सालीं स्वीकारलेल्या इनस्क्रिप्ट मांडणींत स्वर व त्यांच्या मात्रा डाव्या हाताकडे आणि व्यंजनें उजव्या हाताकडे येतात. ही मांडणी विंडोजमध्यें आधींपासून असते, तिच्यासाठीं निराळें कांहीं विकत घ्यावें लागत नाहीं. इंग्रजी उच्चाराप्रमाणें मराठी लिहिण्याची सोयहि २०१९ पासून विंडोज १० मध्यें आली. म्हणून “मराठीसाठीं खास यंत्र” असें कोणी सांगूं लागल्यास हंसून पुढें जावें. कळफलकाला मी २० पैकीं १४ गुण देतों.

दुसरा विषय पडदा; आणि माझ्या मतें सर्वांत दुर्लक्षिलेला. मध्यम किंमतीच्या यंत्रांत कारखानदार जेव्हां पैसे वांचवितो, तेव्हां तो पहिल्यानें पडद्यावर वांचवितो, कारण दुकानांतील कृत्रिम उजेडांत हें उणें डोळ्यांत भरत नाहीं. ‘स्विफ्ट ३’ च्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० बिंदु आहेत. १४ इंचांच्या कर्णावर ही गर्दी इंचास सुमारें १५७ बिंदूंची होते. अक्षरें रेखीव दिसावयास एवढें पुरतें. देवनागरीला ही रेखीवता अधिक लागते, कारण अनुस्वाराचा ठिपका, रफार व उकार हे अक्षराच्या वर-खालीं बारीक जागेंत बसतात. विरळ बिंदूंच्या पडद्यावर त्यांचा चिखल होतो. येथवर ठीक. परंतु या पडद्याचें तेज सुमारें २५० निट, म्हणजे बेताचेंच, आणि रंगहि फिकट. संध्याकाळीं खोलींत तो चालेल. दुपारीं खिडकीशीं बसून हिशेब तपासणाऱ्यास डोळे ताणावे लागतील. आज नवें यंत्र घेणारानें ३०० निटच्या खालीं जाऊं नये. शक्य असल्यास १९२० × १२०० बिंदूंचा, थोडा उंच पडदा घ्यावा. त्यांत उभे १२० बिंदु, म्हणजे नवव्या हिश्श्याएवढी उंची अधिक मिळते, आणि तक्त्याच्या तितक्या ओळी एका दृष्टींत येतात. या विषयांत आपल्या विद्यार्थ्याला २० पैकीं ८; म्हणजे उत्तीर्ण, पण काठावर.

तिसरा विषय शक्ति. येथें लोक नांवाला भुलतात. तीन, पांच, सात असे आंकडे मिरविणारे प्रोसेसर आपण चढत्या श्रेणीचे समजतों. परंतु आठ वर्षांपूर्वींच्या ‘सात’ पेक्षां अलीकडचा ‘पांच’ पुष्कळदां सरस ठरतो. म्हणून नुसती श्रेणी नव्हे, तर पिढी विचारावी. ‘स्विफ्ट ३’ मधील रायझेन ५ ४५०० यू या प्रोसेसरला सहा गाभे होते, आणि रायझेन ७ ४७०० यू ला आठ. कचेरीच्या कामाला ही शक्ति आजहि पुरून उरते. खरें अडतें तें स्मृतीपाशीं. रॅम म्हणजे काम मांडावयाचें टेबल, आणि एसएसडी म्हणजे कागद ठेवावयाचें कपाट, असें समजावें. टेबल लहान असलें कीं दर घटकेस कागद उचलून कपाटांत ठेवावे लागतात आणि काम खोळंबतें. हें टेबल या यंत्रांत सामान्यतः ८ जीबीचें होतें, आणि ती रॅम मूळ पट्टीवरच झाळून टाकलेली असल्यामुळें पुढें वाढवितां येत नाहीं. यांत कारखानदाराची केवळ कंजूषी आहे असें नाहीं. या जातीची रॅम वीज कमी खाते व जागा कमी घेते, हलकेपणा येतो तो कांहीं अंशीं तिच्यामुळेंच. परंतु परिणाम तोच. कपाट मागाहून बदलतां येतें, टेबल बदलतां येत नाहीं. तेव्हां हलका लॅपटॉप घेतांना रॅम पहिल्याच दिवशीं १६ जीबी घ्यावी. त्यासाठीं प्रोसेसरची एक पायरी खालीं उतरावें लागलें तरी उतरावें. ८ जीबीच्या या यंत्राला २० पैकीं १३.

चौथा विषय बॅटरी. खोक्यावर बारा तास, पंधरा तास असें छापलेलें असतें; त्याऐवजीं वॅट-तासांचा आंकडा पाहावा व साधें भागाकाराचें गणित करावें. ‘स्विफ्ट ३’ ची बॅटरी ४८ वॅट-तासांची. लिहिण्यावाचण्याच्या कामांत यंत्र ताशीं ६ वॅट-तास खाईल तर ती ८ तास पुरेल. ८ खाईल तर ६ तास. आणि सभेसाठीं कॅमेरा चालू ठेवून १२ खाईल तर अवघे ४ तास. शिवाय बॅटरी कांहीं शेंकडा वेळां भरली व रिकामी झाली कीं तिची धारणा सुमारें चार-पंचमांशावर येते. म्हणजे ४८ चे ३८.४ होतात, आणि ६ तासांचे ४ तास ४८ मिनिटें उरतात. म्हणून गरजेच्या दीडपट विकत घ्यावी, हा ठोकताळा. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत यंत्र ठेवूं नये. उष्णता ही बॅटरीची मोठी वैरीण आहे. या विषयांत १५ पैकीं १०.

वजन व बांधणी यांत मात्र आपल्या विद्यार्थ्याची बरोबरी करणारे त्या वर्गांत थोडेच होते. धातूचें आवरण, एका हातांत मावेल असा भार. १५ पैकीं १४. येथें एवढेंच सांगतों कीं, वजन पाहतांना चार्जरहि तराजूंत टाकावा. लोकलच्या गर्दींत खांद्याला जें जाणवतें तें दोहोंचें मिळून. यूएसबी-सी खांचेंतून यंत्र भरतां येत असेल तर एकाच चार्जरवर फोन व लॅपटॉप दोन्ही भागतात; ती सोय या यंत्रांत होती.

शेवटचा विषय दुरुस्ती. रॅम बदलत नाहीं, पण एसएसडी बदलते. बॅटरी आंत बंद असली तरी कारागीर ती बदलूं शकतो. गुण १० पैकीं ५. हमी किती वर्षांची आणि कारागीर घरीं येणार कीं यंत्र आपण वाहून न्यावयाचें, हें बिल फाडण्यापूर्वीं विचारावें. बिल नीट जपावें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें आपण राहतों त्याच जिल्ह्यांतील ग्राहक आयोगाकडे तक्रार नेतां येते. पण बिलावांचून ती पुढें सरकणें कठीण.

आतां बेरीज करूं. १४, ८, १३, १०, १४ आणि ५ मिळून ६४. म्हणजे पहिला वर्ग, परंतु पडद्याच्या विषयांत जेमतेम उत्तीर्ण. याचा अर्थ असा कीं, सदैव फिरतीवर असणाऱ्या तरुण विमा-प्रतिनिधीला हें यंत्र उत्तम होतें. एके जागीं बसून दिवसभर बारीक आंकडे वाचणाऱ्या चाळिशीच्या पुढच्या हिशेबनिसाला तें तितकेंसें योग्य नव्हतें. यंत्र तेंच, गुण तेच. परंतु निकाल वापरणाराप्रमाणें बदलतो. ही गोष्ट कोणतीहि जाहिरात सांगत नाहीं.

जुनें यंत्र स्वस्तांत मिळतें म्हणून घेणारांनीं एक दक्षता घ्यावी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग आणि ठराविक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. २०२० चें आपलें उदाहरण या परीक्षेंत बसतें. परंतु त्याहून जुनीं पुष्कळ यंत्रें दिसावयास धडधाकट असूनहि बसत नाहींत. अशा यंत्रावर बँकेचा व्यवहार करणें म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच ठेवणें होय.

श्रोतेहो, दुकानांत जातांना तीन वस्तु बरोबर न्याव्यात: घरच्या कामाचा एक मोठा हिशेबाचा तक्ता, एक लांबलचक मराठी पत्र, आणि ज्याला हें यंत्र वापरावयाचें आहे तो माणूस. ही तिसरी वस्तु बहुतेक लोक घरींच विसरतात. मुलीच्या नोकरीसाठीं लॅपटॉप घ्यावयाचा, आणि निवड करावयाची वडिलांनीं व दुकानदारानें, हा प्रकार आतां बंद व्हावा. जिच्या बोटांना व डोळ्यांना तो पांच वर्षें सोसावयाचा आहे, तिनेंच त्याला गुण द्यावेत. आपण फार तर बेरीज तपासावी.