आधी बघ, मग नेम धर

आज मी तुम्हांला माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगणार आहे. ती बंदुकीची गोष्ट आहे, शिकारीची नव्हे. तिच्यात एकही जनावर मरत नाही. पण एक माणूस मरता मरता वाचतो. त्याच्याबरोबर मीही वाचतो. कसा, ते ऐका.

आमचे गाव राधानगरी भागातले. मागे डोंगर, पुढे भाताची खाचरे. कार्तिकात भात पिकले की रात्री रानडुकरे खाली उतरत. ती खातात थोडे, तुडवतात फार. एका रात्रीत वर्षाचे कष्ट मातीत जात. म्हणून घरटी एक माणूस जागलीला जाई. कोणी डबा वाजवी, कोणी शेकोटी पेटवी. माझ्या आजाजवळ ठासणीची बंदूक होती. पीक राखण्यासाठी तिचा परवाना मिळालेला होता.

ठासणीची बंदूक तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली नसेल. तिला काडतूस नसते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची. वर चिंधीचा बोळा घालून तो गजाने ठासायचा. मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. मागे एक बारीक टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा त्या टोपीवर पडतो, ठिणगी उडते आणि बार होतो. एक बार झाला की पुन्हा सगळे पहिल्यापासून!

१९६९ साली मी बारा वर्षांचा होतो. मी आजाच्या मागे लागलो, "आबा, मला बी शिकवा की."

आजा म्हणाला, "शिकवतो. पर दारूला हात लावायचा न्हाई."

सहा महिने मी रिकामी बंदूकच हाताळली. ती पुसायची, तेल लावायचे, जागेवर ठेवायची. रिकामी असली तरी भरलेलीच समजायची. नळी माणसाकडे, गुराकडे, घराकडे वळवायची नाही. मग आजाने नळीवर एक पैसा ठेवायला सुरुवात केली. घोडा लोखंडावर आपटू नये म्हणून तो मध्ये चामड्याचा तुकडा घाली. चाप हळू दाबायचा आणि पैसा पडू द्यायचा नाही. पहिले पंधरा दिवस पैसा रोज पडला. मग एक दिवस तो जागचा हलला नाही. त्या दिवशी मला मोठा आनंद झाला.

पुढे एकदा आजाने बांधावर फुटके मडके ठेवले.

"मडक्यामागं काय हाय?"

"बांध."

"बांधामागं?"

"डोंगर."

"मानूस?"

"न्हाई."

"मग मार."

मी बार काढला. खांद्याला असा धक्का बसला की मी मागे बसलोच. धुराने काही दिसेना. धूर गेला तेव्हा मडके नव्हते. आजा हसला आणि म्हणाला, "आधी बघ, मग नेम धर, मग चाप. ह्यो क्रम चुकला की सगळं चुकलं."

त्याच कार्तिकातली गोष्ट. मी आजाबरोबर जागलीला गेलो होतो. पहाटेची वेळ, दव पडत होते. आजाला डोळा लागला होता. बंदूक भरलेली, त्याच्या उशाशी होती. तेवढ्यात खाचरात सळसळ झाली. पाहतो तो काळे, वाकलेले, पाठीला उंचवटा असलेले काहीतरी भातातून सरकत होते. मला वाटले, डुक्कर! आजाला उठवावे हे मनात आले. पण त्याहून मोठे काहीतरी मनात आले. सकाळी गाव म्हणेल, पोराने डुक्कर मारले.

मी बंदूक उचलली. नेम धरला. चाप ओढला.

टप् असा नुसता आवाज झाला. बार झाला नाही. दवाने टोपी दमट झाली होती.

त्या आवाजाने ते काळे उभे राहिले. तो माणूस होता. डोक्यावर घोंगडीची खोळ, काखेत भाताची पेंढी. आमच्या भावकीतलेच एक चुलते होते ते. त्या वर्षी त्यांच्या घरी दाणा नव्हता.

आजा जागा झाला. त्याने सगळे पाहिले. बंदूक माझ्या हातातून घेतली. मला मारले नाही, चुलत्यांनाही काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "पेंढी घेऊन जा घरला." सकाळी त्याने त्यांच्या घरी चार पायल्या भात पाठवले. मला सांगितले, "ते जितं हाईत तवर ही गोष्ट कुनाला सांगायची न्हाई. त्यांनी भात घेतला, तू तर जीव घेत हुतास. चोर कोन, ते तुझं तू बघ."

मी वर्षभर बंदुकीला हात लावला नाही. रात्री झोपेत तो टप् आवाज ऐकू येई. अजूनही कधीकधी येतो. ते चुलते म्हातारे होऊन, नातवंडे पाहून गेले. म्हणून आज ही गोष्ट सांगतो. नाव मात्र सांगत नाही.

१९७४ साली मी मॅट्रिक झालो, पुढे शिक्षक झालो. आजा गेल्यावर वडिलांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. आजाला परवान्यावरची तारीख वाचता येत नसे. तो ती माझ्याकडून वाचून घेई. तुम्ही आता वाचायला शिकलात. कोणाच्या घरी परवाना असेल तर त्याची मुदत स्वतः वाचा. दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू नका.

आता काळ बदलला आहे. १९७२ सालच्या वन्यजीव कायद्याने रानडुकराला परवानगीवाचून मारता येत नाही. पिकाची नासाडी झाली तर वनखात्याला लगेच कळवावे, पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईचा अर्ज करावा. अर्ज स्वतः वाचून मगच सही करावी.

पण नेमबाजी संपलेली नाही, बरे का! २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये आमच्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे याने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले. ते पाहून माझी नात म्हणाली, "आजोबा, मला शिकायचंय."

ती आता छर्‍याच्या रायफलीने शिकते. निशाण १० मीटरवर असते. त्याच्या मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, मोहरीहूनही लहान. मी पहिल्या दिवशी तिच्या नळीवर रुपया ठेवला. तो पडला. मग मी तिला ही गोष्ट सांगितली, माझी चूक न लपवता. ती बराच वेळ गप्प बसली. मग रायफल खाली ठेवून तिने विचारले, "आजोबा, निशाणामागे काय आहे?"

मंडळी, तेव्हा मला वाटले की आजाची विद्या पोचली.

आजाची शिकवण बंदुकीपुरती नाही. कोणावर आळ घेताना, कोणाला चोर म्हणताना, रागाने हात उचलताना हाच क्रम ठेवा. आधी नीट बघा. दव रोज पडत नाही.